ब्रेक कडक झाला म्हणजे बूस्टर गेला असे नव्हे

दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाडीचा ब्रेक पायाला कडक लागू लागला की बहुतेक ठिकाणी निदान आधीच ठरलेले असते: बूस्टर गेला. मग नवा बूस्टर मागवला जातो, किंवा जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एखादा आणून बसवला जातो. पुष्कळदा ब्रेक पुन्हा कडकच राहतो आणि मालकाला वाटते की नवा बूस्टरही खराब निघाला. या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. बूस्टर स्वतः कोणतीही ताकद निर्माण करत नाही. त्याला व्हॅक्यूम दुसरीकडून मिळतो आणि तो काही मोजक्या भागांच्या साखळीतून त्याच्यापर्यंत पोहोचतो. म्हणून चौकशी त्या साखळीपासून सुरू करायची आणि बूस्टरवर ठपका सर्वांत शेवटी ठेवायचा. ही चौकशी करायला पाय, कान आणि अर्धा तास एवढे पुरते. त्यापुढे गरज पडली तर एक साधा व्हॅक्यूम गेज लागतो.

आधी हा डबा काय करतो ते समजून घेऊ. बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याला लागून जो काळा, पसरट, गोल डबा दिसतो तो बूस्टर. त्याच्या पुढे मास्टर सिलिंडर असतो आणि त्यावर ब्रेक ऑइलची बाटली. डब्याच्या आत एक रबरी पडदा असतो, त्यालाच डायफ्राम म्हणतात. ब्रेकवर पाय नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो, त्यामुळे पडदा स्वस्थ राहतो. पेडल दाबले की आतला झडपेचा भाग सरकतो आणि पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा आत घेतो. पुढे व्हॅक्यूम आणि मागे हवा, म्हणून पडदा पुढे ढकलला जातो आणि मास्टर सिलिंडरवर जोर पडतो. हा जोर किती असतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा इतका असतो. पडद्याचा व्यास २०० मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होते. बूस्टरमध्ये ४७० मिलिमीटर पाऱ्याइतका व्हॅक्यूम असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६४ किलो या हिशेबाने पडद्यावर जवळजवळ २०० किलोचा जोर येतो. प्रत्यक्ष कामी येणारे क्षेत्र थोडे कमी असते, पण अंदाज यायला हे पुरेसे आहे. हा जोर बाहेरच्या हवेचा आहे, आणि समोर व्हॅक्यूम असला तरच ती हवा काम करते. व्हॅक्यूम निम्मा झाला तर डबा कितीही नवा असो, मदतही निम्मीच मिळणार.

हा व्हॅक्यूम येतो कुठून? पेट्रोल गाडीत तो इंजिनच तयार करते. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद होते, पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात, आणि त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. निरोगी पेट्रोल इंजिनमध्ये आयडलिंगला तो साधारण ४३० ते ५३० मिलिमीटर असतो. डिझेल इंजिनाला अशा थ्रॉटलने हवा अडवावी लागत नाही, त्यामुळे त्याच्या मॅनिफोल्डमध्ये ब्रेकला पुरेल असा व्हॅक्यूम नसतोच. तिथे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. टाटा सुमो, इंडिका यांसारख्या आपल्याकडच्या जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. म्हणजे साखळी अशी होते: इंजिन किंवा पंप, त्यापासून निघालेला जाड रबरी पाइप, त्यात किंवा बूस्टरच्या तोंडाशी बसवलेला एकदिशा व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हभोवतीचे रबरी बूच आणि शेवटी बूस्टर. या पाच कड्यांपैकी कोणतीही एक तुटली तरी पायाला मिळणारा अनुभव सारखाच असतो. म्हणून नुसते 'पेडल कडक आहे' एवढ्यावरून कोणती कडी तुटली हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता तीन चाचण्या पाहू. गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चाकांना दगड किंवा विटा लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. पहिली चाचणी मदत मिळते का याची. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबून सोडा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक, उंच होईल. आता पाय मध्यम जोराने पेडलवर तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले पाहिजे. गेले तर व्हॅक्यूम पोहोचतो आहे आणि बूस्टर काम करतो आहे. दुसरी चाचणी साठा टिकतो का याची. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करा, थोडे थांबा आणि पेडल नेहमीच्या जोराने दाबा. पहिल्यांदा ते सर्वांत खोल जावे, दुसऱ्या-तिसऱ्यांदा क्रमाने वर राहावे. पहिल्याच दाबाला कडक लागले तर साठा कुठून तरी निसटला आहे. तिसरी चाचणी दाबाखाली गळती होते का याची. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, पाय न हलवता इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट तसेच धरून ठेवा. पेडल जागच्या जागी राहिले पाहिजे.

या तीन उत्तरांना एकत्र वाचले की निदान आपोआप अरुंद होत जाते. पहिल्या चाचणीत पेडल मुळीच खाली गेले नाही, तर व्हॅक्यूम पोहोचत नाही किंवा बूस्टर निकामी आहे. या दोहोंतले कोणते, हे पाइपाकडे पाहिल्यावर कळेल. पहिली पास आणि दुसरी नापास झाली तर एकदिशा व्हॉल्व्ह, त्याचे बूच किंवा व्हॉल्व्ह आणि बूस्टर यांमधला पाइप यांवर आधी संशय घ्यायचा. दुसरी पास आणि तिसरीत पेडल पायाला वर ढकलत आले, तर मात्र संशयाची सुई बूस्टरच्या आत, पडद्याकडे किंवा आतल्या झडपेकडे वळते, कारण बाकीची साखळी साठा धरते हे दुसऱ्या चाचणीने आधीच सिद्ध झालेले असते. तिसरीत पेडल हळूहळू खाली खाली जात राहिले तर ती व्हॅक्यूमची तक्रार नव्हेच. ती ब्रेक ऑइलच्या बाजूची, बहुधा मास्टर सिलिंडरमधल्या झिजलेल्या रबराची खूण आहे आणि ती जास्त तातडीची आहे. तिन्ही चाचण्या पास होऊनही गाडी थांबायला जड वाटत असेल, तर बूस्टरचा विषय तिथेच सोडावा. गुळगुळीत झालेले पॅड, तेल लागलेले लायनर, अडकलेला कॅलिपर किंवा गंजलेला व्हील सिलिंडर शोधावा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: जुन्या गाडीचा ब्रेक थोडा जड असायचाच, त्यात एवढे काय शोधायचे? हा आक्षेप पाइप हळूहळू खराब होतो म्हणून खरा वाटतो. रबर एका दिवसात फुटत नाही. महिनोन्‌महिने मदत थोडी थोडी कमी होत जाते आणि पाय नकळत जास्त जोर लावायला शिकतो. रोज गाडी चालवणाऱ्याची आठवण इथे भरवशाची राहत नाही. वरच्या चाचण्यांचे मोल यातच आहे की त्या आठवणीवर चालत नाहीत. इंजिन चालू केल्यावर पेडल खाली गेले की नाही, याचे उत्तर गाडीच्या वयावर ठरत नाही. वीस वर्षांची गाडीही या तिन्ही चाचण्या पास झाली पाहिजे.

साखळीत सगळ्यांत आधी म्हातारा होतो तो रबरी पाइप. इंजिनच्या उष्णतेत त्याची टोके कडक होऊन तडकतात, क्लिपखाली चिरतात, वळणावर घासतात. बाहेरून धड दिसणारा पाइपही आतून फसवू शकतो. आतला थर सुटून त्याची पापडी झाली की ती ओढीबरोबर वाट अडवते. अशा गाडीत पहिला ब्रेक बरा लागतो, पण रहदारीत लागोपाठ दोन-तीनदा दाबल्यावर पेडल कडक होते, कारण साठा पुन्हा भरायला वेळ लागतो. काही ठिकाणी पाण्याच्या किंवा साध्या रबरी पाइपचा तुकडा जोडून काम भागवलेले असते. तो थंड असताना ठीक राहतो, गरम झाला की व्हॅक्यूमने चपटा होतो. म्हणून आयडलिंगवर इंजिन चांगले तापल्यावर पाइप हाताने चाचपून पाहा, फक्त फिरणाऱ्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बाही व बोटे लांब ठेवा. बदलायचा तर कापडी जाळीचा, व्हॅक्यूमसाठीच बनवलेला पाइप घ्या. गळती शोधताना सांध्यांवर पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारण्याची सवय आगीला आमंत्रण देणारी आहे. साबणाचे पाणी थोडे थोडे टाकून पाहा, गळती असेल तिथे पाणी आत ओढले जाते आणि आयडलिंगचा आवाज क्षणभर बदलतो.

त्यानंतर एकदिशा व्हॉल्व्ह. इंजिन बंद झाले किंवा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी बूस्टरमधला साठा उलटा निसटू नये, एवढेच त्याचे काम. तपासणी सोपी आहे: व्हॉल्व्ह काढून स्वच्छ पुसा आणि तोंडाने फुंकून पाहा. बूस्टरकडच्या बाजूने फुंकल्यावर हवा पलीकडे गेली पाहिजे, इंजिनकडच्या बाजूने फुंकल्यावर मुळीच जाता कामा नये. दोन्ही बाजूंनी गेली तर तो गळका आहे, दोन्ही बाजूंनी अडली तर तो चिकटला आहे. व्हॉल्व्ह पाइपातच बसवलेला असेल तर त्यावर बाणाची खूण पाहा आणि बाण इंजिनकडे आहे याची खात्री करा. पाइप बदलताना तो उलटा बसला तर बूस्टरला व्हॅक्यूम पोहोचणारच नाही, आणि अशा वेळी चांगला बूस्टर विनाकारण बदलला जाण्याची शक्यता असते. व्हॉल्व्हभोवतीचे बूच बोटाने दाबून पाहा. ते लाकडासारखे कडक झाले असेल तर व्हॉल्व्ह नवा असूनही कडेने हवा आत शिरत राहते.

पाइप आणि व्हॉल्व्ह निर्दोष निघाले की गेज लावावा. पेट्रोल गाडीत तो आधी मॅनिफोल्डच्या तोंडाशी आणि मग पाइपाच्या बूस्टरकडच्या टोकाशी लावून दोन आकडे लिहून घ्या. मॅनिफोल्डशी ४८० आणि बूस्टरशी ३०० असेल तर दोष मधल्या पाइपात आहे. दोन्हीकडे ३०० असेल तर इंजिनच कमी व्हॅक्यूम बनवते आहे. मागे पडलेले इग्निशन टायमिंग, चुकलेले व्हॉल्व्ह क्लिअरन्स, कार्बोरेटरच्या बुडाचे किंवा मॅनिफोल्डचे फुटलेले पॅकिंग, तुंबलेला सायलेन्सर अशी त्याची कारणे असतात. अशा गाडीचे आयडलिंगही बहुधा डळमळीत असते. नंतर सीएनजी किंवा एलपीजी किट बसवलेल्या गाड्यांत मॅनिफोल्डभोवती जोडलेली प्रत्येक नळी आणि टी-जोड पाहा. ब्रेकच्याच पाइपात टी टाकून दुसरी जोडणी घेतलेली असेल तर ती मूळ स्थितीला आणून पुन्हा मोजा. गेज टी-जोडाने बूस्टर आणि एकदिशा व्हॉल्व्ह यांच्यामध्ये लावून इंजिन बंद केले, तर काटा अर्धा मिनिट जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. तो २०-२५ मिलिमीटरपेक्षा जास्त घसरला तर गळती आहे असे समजावे, नेमकी मर्यादा मात्र आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलीच धरावी. आकडे वाचताना उंचीचे भान ठेवा. दर ३०० मीटर चढाईला गेजवरचा आकडा साधारण २५ मिलिमीटरने उतरतो. मुंबईत ४८० दाखवणारे तेच इंजिन १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ३७० च्या आसपास दाखवील. त्यात दोष काही नाही, तिथे हवाच विरळ आहे.

डिझेल गाडीचा तपास इथे वेगळा होतो. तिथे चांगला पंप समुद्रसपाटीजवळ ६०० मिलिमीटरच्या पुढे सहज जातो, त्यामुळे ४५० हा पेट्रोल गाडीत समाधानकारक असलेला आकडा डिझेलमध्ये आजाराचा असतो. पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असेल तर पट्टा सैल झाल्यावर बॅटरी चार्ज होणे आणि ब्रेकची मदत ही दोन्ही एकदमच कमी होतात. डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा आणि पायाला कडक पेडल ही जोडी दिसली तर आधी पट्टा पाहावा. पंपाला इंजिन ऑइलची बारीक नळी जोडलेली असते. ती तुंबली तर आतली पाती कोरडी घासून झिजतात आणि पंप हळूहळू दमतो. उलट, व्हॅक्यूमच्या पाइपात ऑइल दिसले तर एकदिशा व्हॉल्व्ह आणि पंप दोन्ही तपासा, कारण ते ऑइल बूस्टरपर्यंत गेले तर आतल्या रबराला घातक ठरते.

आता बूस्टरवर खरोखर आरोप कधी सिद्ध होतो ते पाहू. पेडल दाबताना क्षणभर येणारा हवेचा हलका आवाज नैसर्गिक आहे, तो बाहेरची हवा आत जाण्याचा आवाज असतो. पाय पेडलवर नसताना सतत सूं असा आवाज पायाजवळून येत असेल, किंवा पेडल धरून ठेवल्यावर आवाज चालू राहून इंजिनाचे आयडलिंग अडखळत असेल, तर आतली झडप किंवा पडदा गळतो आहे. पेट्रोल गाडीत बूस्टरचा पाइप पकडीत हलकेच दाबून बंद केल्यावर आयडलिंग लगेच सुधारले, तर गळती पाइपाच्या त्या बाजूला, म्हणजे बूस्टरच्या दिशेला आहे याची खात्री होते. एक दोष मात्र बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक आहे. मास्टर सिलिंडरचे मागचे रबर झिजले की ब्रेक ऑइल थेट बूस्टरमध्ये ओढले जाते. जमिनीवर थेंब पडत नाही, चाकेही कोरडी, तरी बाटलीतली पातळी उतरत राहते आणि पेट्रोल गाडीच्या धुराड्यातून कधी पांढरा धूर येतो. व्हॉल्व्ह काढून त्या छिद्रातून स्वच्छ कापडाची पट्टी आत बुडवून पाहा. ती ओली निघाली तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही बदलणे योग्य. एकच बदलला तर नव्या भागाचेही नुकसान होते.

काही अनुभवी लोक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, शंका आली की बूस्टर बदलावा आणि मोकळे व्हावे. पण बूस्टर बदलणे ही साधी अदलाबदल नसते. त्यासाठी मास्टर सिलिंडर बाजूला करावा लागतो, आणि नव्या बूस्टरच्या पुढच्या दांड्याची लांबी मास्टर सिलिंडरशी जुळवावी लागते. ती थोडी जास्त राहिली तर पाय सोडल्यावरही ब्रेक पूर्ण मोकळे होत नाहीत, ते घासत राहून तापतात. भंगारातल्या बूस्टरचे रबर किती वर्षांचे आहे हे कुणालाच ठाऊक नसते. जुना डबा उघडून आत किट टाकण्याचा उपाय तर घरी मुळीच करू नये, कारण आत जोरदार स्प्रिंग दाबलेली असते. आणि या सर्वांहून मोठी अडचण तर्काचीच आहे: पाइप फाटलेला असेल तर दहा बूस्टर बदलूनही पेडल कडकच राहील. दुसरा आक्षेप असा की हे मेकॅनिकचे काम आहे, मालकाने त्यात पडू नये. दुरुस्ती मेकॅनिकनेच करावी, यात शंका नाही. पण 'ब्रेक कडक आहे' एवढेच सांगणारा मालक आणि 'दुसऱ्या चाचणीत साठा टिकत नाही, तिसरी पास होते' असे सांगणारा मालक यांत फरक आहे. दुसऱ्याच्या गाडीत मेकॅनिक पहिला हात व्हॉल्व्हला लावील. चांगल्या मिस्त्रीला अशी माहिती हवीच असते.

शेवटी रस्त्यावरच्या दोन गोष्टी सांगतो, कारण जुन्या गाडीचा मालक कसारा, खंबाटकी किंवा आंबा घाट टाळू शकत नाही. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय अजून दिसते. इंजिन बंद झाले की बूस्टरकडे उरतो तो दोन-तीन दाबांचा साठा. पुढच्या वळणाला पेडल दगडासारखे लागते, आणि तिथे बूस्टरचा काहीही दोष नसतो. उलट खालच्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर सोडून उतरले तर थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरते असल्यामुळे पेट्रोल गाडीत व्हॅक्यूम आयडलिंगपेक्षाही जास्त मिळतो, शिवाय इंजिन गाडीला धरून ठेवते. चालत्या गाडीत मदत अचानक गेलीच तर घाबरून पेडल पुन्हा पुन्हा मारू नका, उरलेला साठा त्यात संपतो. एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरा, खालचा गिअर घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा. बूस्टर बंद पडला तरी पेडलपासून चाकापर्यंतचे ब्रेक ऑइल जोडलेलेच असते, गाडी थांबते, फक्त पायाला कितीतरी जास्त जोर लागतो. पण तो जोर लावायची वेळ येऊ नये. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी, आणि पावसाळ्याआधी एकदा, या तीन चाचण्या जरूर करा. त्यांत काही खटकले तर आधी पाइप आणि व्हॉल्व्ह पाहा, मग इंजिन किंवा पंप, आणि या सगळ्यांची निर्दोषता ठरल्यावरच बूस्टरला हात लावा. आणि दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका.